५०२च्या पानावर सही कुणाची?

पांढरं पान, मधोमध ठळक अक्षरांत '५०२ बॅड गेटवे', त्याखाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली बारीक अक्षरांत 'इंजिनएक्स' हे नाव. प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी किंवा तिकीट काढताना हे पान कधी ना कधी बहुतेकांना भेटलेलं असतं. ज्याचं नाव खाली दिसतं त्याच्यावर ठपका येणं साहजिक आहे. ऑफिसातही 'इंजिनएक्स डाउन आहे' असा निरोप फिरतो आणि कुणीतरी त्याला रीस्टार्ट करतं. पण ते पान दिसलं याचाच अर्थ इंजिनएक्स शाबूत आहे. तो बंद असता तर पान आलंच नसतं. साइटपर्यंत पोहोचता येत नाही, असं ब्राउझरनेच सांगितलं असतं. ५०२ म्हणजे पुढच्या सर्व्हरने मागच्या सर्व्हरबद्दल दिलेली खबर. खबर देणाऱ्यालाच धरून बसलं की तपास पहिल्याच मिनिटाला चुकीच्या दिशेने जातो.

जावात लिहिलेल्या ॲप्लिकेशनच्या बाबतीत हे सतत घडतं, कारण तिथे ही दोन सर्व्हरांची मांडणी जवळजवळ रूढच आहे. मागे टॉमकॅट किंवा टॉमकॅट पोटात घेऊन चालणारं स्प्रिंग बूट, आणि पुढे रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून इंजिनएक्स किंवा अपाची. टॉमकॅट हा स्वतः पुरता वेब सर्व्हर आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेला हा कोड १९९९ साली अपाची फाउंडेशनकडे गेला. मुळात तो ८०८० या पोर्टवर ऐकतो आणि ब्राउझरने तिथे थेट विचारलं तर नीट उत्तरही देतो. मग त्याच्यापुढे आणखी एक सर्व्हर कशाला बसवायचा?

एक कारण लिनक्सचं आहे. १०२४च्या खालच्या पोर्टांवर ऐकायला एरवी रूटचा अधिकार लागतो, आणि अख्खी जावा प्रोसेस रूट म्हणून चालवणं कुणालाही रुचू नये. दुसरं, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, चित्रं, स्टाइलच्या फाइली ही कामं पुढेच उरकता येतात. पण खरं कारण संथ ग्राहकाचं आहे. एकाच यंत्राने एका वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ साली मांडला होता. ईगोर सिसोएव यांनी २००२ साली रशियातल्या रँबलर या कंपनीत इंजिनएक्स लिहायला घेतला तो याच पेचावर उपाय म्हणून. २००४ साली तो सर्वांसाठी खुला झाला. टॉमकॅटमध्ये चालू विनंतीमागे एक थ्रेड गुंततो, आणि मुळातल्या सेटिंगमध्ये असे जास्तीत जास्त २०० थ्रेड असतात. कमकुवत नेटवर्कवरचा मोबाइल मोठं पान हळूहळू ओढत असेल, तर तेवढा वेळ एक थ्रेड नुसता अडकून पडेल. इंजिनएक्स मागचं उत्तर झटक्यात आपल्या बफरमध्ये घेतो, जावाचा थ्रेड मोकळा करतो आणि मोबाइलला त्याच्या गतीने वाढत राहतो. त्याची एकेक प्रोसेस अशा हजारो जोडण्या सांभाळू शकते.

या सोयीची किंमत अशी, की एका संवादाचे दोन होतात. ब्राउझर इंजिनएक्सशी बोलतो आणि इंजिनएक्स टॉमकॅटशी. जावाला ब्राउझर दिसत नाही, ब्राउझरला जावा दिसत नाही. पुढे सांगितलेले जवळजवळ सगळे बिघाड या एका गोष्टीतून निघतात.

म्हणून तपासाची सुरुवात पानावरच्या सहीपासून करावी. आडवी रेघ आणि इंजिनएक्सचं नाव असेल तर उत्तर पुढच्या सर्व्हरने दिलंय. खाली अपाची टॉमकॅट आणि त्याचा आवृत्ती क्रमांक असेल तर विनंती मागेपर्यंत पोहोचली आणि टॉमकॅटने नकार दिला. 'व्हाइटलेबल एरर पेज' असं शीर्षक असेल तर ती स्प्रिंग बूटची सही. म्हणजे विनंती थेट ॲप्लिकेशनच्या पोटात जाऊन आली. '४०४ सापडलं नाही' हा एकच आकडा या तिघांपैकी कुणीही देऊ शकतो आणि प्रत्येकाच्या बाबतीत दुरुस्तीची जागा वेगळी असते. आकड्याकडे बघायच्या आधी सही बघितली तर बराच वेळ वाचतो. मात्र अनेक ठिकाणी देखणं एरर पान लावून ही सही झाकलेली असते. वापरणाऱ्यासाठी ते योग्यच आहे. अशा वेळी लॉग उघडावा.

मला या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती इंजिनएक्सची एरर लॉगची फाइल, आणि तीच सर्वांत कमी वाचली जाते. ५०२ आला की तिच्यात एक लांबलचक ओळ पडते आणि त्या ओळीत बहुधा कंसात एक आकडा असतो. तो आकडा इंजिनएक्सचा नाही, लिनक्सचा आहे. जोडणी का फसली याचं ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेलं कारण.

कंसात १११ असेल तर कनेक्शन रिफ्यूज्ड. त्या पत्त्यावर यंत्र आहे, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. जावा प्रोसेस पडली असेल, अजून उठत असेल किंवा वेगळ्या पोर्टवर बसली असेल. ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. ११३ म्हणजे त्या यंत्राकडे जायला वाटच नाही. १०४ म्हणजे जोडणी झाली होती, पण समोरच्याने ती मध्येच तोडली. आणि १३ म्हणजे परवानगी नाकारली. हा तेरा चांगल्या अनुभवी माणसालाही चकवतो. टॉमकॅट चालू असतो, पोर्ट उघडं असतं, हाताने विचारलं तर उत्तर येतं, आणि इंजिनएक्सला मात्र जोडणीच करता येत नाही. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर एसईलिनक्स नावाची पहारेकरी यंत्रणा मुळातच चालू असते. वेब सर्व्हरने स्वतःहून दुसरीकडे जोडणी करणं तिला मंजूर नसतं. 'एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट' हा एक स्विच कायमचा चालू केला की काम होतं. त्यासाठी अख्खं एसईलिनक्स बंद करण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. ते कृपया ऐकू नयेत. एका बंद खोलीसाठी इमारतीचे सगळे दरवाजे काढून टाकण्यासारखं आहे ते.

आकड्यानंतरचे शब्दही वाचायचे. त्यात 'अपस्ट्रीम' म्हणजे मागचा सर्व्हर. 'अपस्ट्रीमला कनेक्ट करताना' असं लिहिलं असेल तर जोडणीच झाली नाही. 'अपस्ट्रीमकडून हेडर वाचताना' असेल तर जोडणी झाली, प्रश्न पोचला आणि उत्तराची वाट बघताना काहीतरी घडलं. ११० हा एकच आकडा दोन्ही ठिकाणी येतो आणि दोन्ही वेळा वापरणाऱ्याला ५०४ गेटवे टाइमआउट दिसतो. पहिल्या प्रसंगी फायरवॉलकडे बघायचं, कारण गुपचूप पाकिटं गिळणारी भिंत नकारही कळवत नाही. दुसऱ्या प्रसंगी जावाच्या आत शिरायचं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि बहुधा दोन वेगळ्या माणसांची.

यानंतर साखळीची एकेक कडी सुटी करून विचारायचं. त्याच यंत्रावर लॉगिन करून 'एसएस' ही आज्ञा दिली की कोणती प्रोसेस कोणत्या पोर्टवर ऐकते ते कळतं. मग 'कर्ल'ने थेट १२७.०.०.१च्या ८०८० पोर्टला विचारावं, इंजिनएक्सला वळसा घालून. तिथे उत्तर आलं तर दोष मधल्या दुव्यात. नाही आलं, तर इंजिनएक्सच्या कॉन्फिगला हातही लावायचं कारण नाही. एवढं साधं पाऊल, पण घाईत तेच वगळलं जातं आणि चांगल्या कॉन्फिगमध्ये अंदाजाने बदल सुरू होतात. दोन तासांनी मूळ दोष सापडतो तेव्हा त्या बदलांतले कोणते ठेवायचे हे कुणालाच आठवत नाही.

पत्त्याच्या बाबतीत दोन गोष्टी वारंवार त्रास देतात. लोकलहोस्ट हे नाव दोन पत्त्यांकडे नेऊ शकतं, जुना १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ मधला. जावा फक्त पहिल्यावर ऐकत असेल तर इंजिनएक्स आळीपाळीने दुसऱ्यावरही जाऊन १११ घेऊन येतो, मग पहिल्याकडे वळतो. पान उघडतं, पण लॉगमध्ये तक्रारींचा ढीग साचतो. कॉन्फिगमध्ये नावाऐवजी आकडे लिहिले की हे थांबतं. दुसरी गोष्ट डॉकरची. कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तोच कंटेनर. इंजिनएक्स एका कंटेनरमध्ये आणि जावा दुसऱ्यात असेल तर हा पत्ता इंजिनएक्सला स्वतःकडेच परत आणतो. तिथे सेवेचं नाव द्यावं लागतं. त्यातही मेख आहे: कॉन्फिगमध्ये सरळ लिहिलेलं नाव इंजिनएक्स साधारणपणे सुरू होतानाच पत्त्यात बदलून घेतो. जावाचा कंटेनर नव्याने उभा राहून त्याला वेगळा पत्ता मिळाला तरी इंजिनएक्स जुन्याच दारात जात राहतो. 'इंजिनएक्स रीलोड केला की चालतं' अशी तक्रार आली तर पहिला संशय यावर घ्यावा.

जावा प्रोसेस खरोखरच गेली असेल तर कशी गेली हेही बघायला हवं. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये शेवटची ओळ अगदी नेहमीसारखी, पुढे शांतता, असं दिसलं तर कर्नलचा लॉग उघडावा. यंत्राची मेमरी संपत आली की लिनक्स एखादी मोठी प्रोसेस निवडून मारतो आणि सर्व्हरवर सर्वांत मोठी प्रोसेस बहुधा जावाचीच असते. मारल्या गेलेल्या प्रोसेसला स्वतःच्या लॉगमध्ये एक ओळ लिहायचीही सवड मिळत नाही. आणि नवी आवृत्ती चढवल्यावर मिनिटभर ५०२ येत असेल तर त्यात गूढ काही नाही. प्रोसेस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या लेखी ती सुरू झालेली असते, पण स्प्रिंग बूट अजून आपले घटक जुळवत असतं आणि पोर्ट उघडलेलं नसतं.

आता ५०४. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण सर्वाधिक नुकसान करणारे उपाय इथेच केले जातात. इंजिनएक्समध्ये 'प्रॉक्सी रीड टाइमआउट' मुळात ६० सेकंद असतो. ही पूर्ण उत्तराची मुदत नाही. उत्तराच्या दोन तुकड्यांमध्ये किती वेळ शांतता खपवून घ्यायची, त्याची आहे. मिनिटभर जावाकडून एक बाइटही आली नाही की इंजिनएक्स ५०४ देतो. लगेच कुणीतरी तो आकडा ३०० करतं. तक्रारी कमी होतात, आणि आठवड्याभराने अख्खी साइट बसते.

का बसते ते बघू. इंजिनएक्सने वाट पाहणं सोडलं हे टॉमकॅटला त्या क्षणी कळत नाही. त्याचा थ्रेड काम करतच राहतो. उत्तर लिहायला जातो तेव्हा त्याला समजतं की पलीकडे कुणी नाही. वापरणाऱ्याने कंटाळून ब्राउझर बंद केला तरी तसंच. त्याची नोंद इंजिनएक्स स्वतःच्या खास ४९९ या आकड्याने करतो, पण जावाचा थ्रेड चालूच. दरम्यान त्या माणसाने पान पुन्हा लोड केलं की दुसरा थ्रेड त्याच कामाला लागला. मुदत वाढवली तरी अडकलेला एकही थ्रेड लवकर सुटत नाही, नुसती तक्रार दबते; अडकलेले साचत जातात, २००चा कोटा भरतो आणि ज्या पानांचा या संथ कामाशी काही संबंध नाही तीही उघडेनाशी होतात.

अडकतात कुठे? बहुतेक वेळा डेटाबेसच्या दारात. स्प्रिंग बूटच्या दुसऱ्या आवृत्तीपासून हिकारी हा कनेक्शन पूल मुळातच जोडलेला येतो आणि त्यात मुळातल्या सेटिंगने जास्तीत जास्त १० जोडण्या असतात. म्हणजे २०० थ्रेड आणि १० जोडण्या. एक आळशी क्वेरी, एखादा हरवलेला इंडेक्स किंवा बाहेरच्या सेवेला फोन लावून बसलेला व्यवहार या दहाही जोडण्या धरून बसला, की उरलेले १९० थ्रेड नुसते उभे. हिकारी ३० सेकंद वाट बघून चूक फेकतो.

हे अंदाजाने सांगत बसण्याची गरज नसते. जावाने या बाबतीत फार उदार सोय दिलेली आहे. 'जेस्टॅक' किंवा 'जेसीएमडी'ने चालत्या प्रोसेसचा थ्रेड डम्प घेता येतो: त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर उभा आहे त्याची यादी. ही साधनं हाताशी नसतील तर 'किल'ला वजा तीन हा सिग्नल द्यावा. नाव भीतिदायक असलं तरी त्याने जावा प्रोसेस मरत नाही, डम्प लॉगमध्ये छापून पुढे चालू राहते. काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीन डम्प घ्यावेत. तिन्हींमध्ये शंभरएक थ्रेड हिकारीच्या त्याच ओळीवर उभे दिसले तर वादाला जागाच उरत नाही. आणि हे रीस्टार्टच्या आधी करावं. रीस्टार्टने साइट सुरू होते, पण पुरावाही पुसला जातो, आणि तोच बिघाड पुढच्या गर्दीच्या दिवशी परत येतो.

सगळेच थ्रेड एकाच वेळी थिजलेले आणि मग एकदम चालू, असं दिसत असेल तर गार्बेज कलेक्शनकडे बघावं. हीप भरत आला की जावा आपलं सारं काम थांबवून मेमरी झाडत बसते. बाहेरून ते संथ नेटवर्कसारखं वाटतं.

वेळेचे आकडे वाचायची सवय इथे फार कामी येते. विनंती नेमक्या ६० सेकंदांना तुटत असेल तर ती कुणाच्या तरी सेटिंगवर आपटते आहे. नेमक्या ३०ला तुटत असेल तर हिकारीचा संशय घ्यावा. खरं काम कधी गोल आकड्यात संपत नाही, त्याला ४१.७ सेकंद लागतात, ५३.२ लागतात. गोल आकडा माणसाने टाइप केलेला असतो, आणि तो कुठल्या फाइलमध्ये टाइप केला ते शोधलं की कडी सापडते. शून्य सेकंदांत तुटत असेल तर ती नाकारलेली जोडणी.

५०४च्या बाबतीत वापरणाऱ्यालाही एक गोष्ट सांगायला हवी आणि ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने ती मनावर घ्यायला हवी. ५०४ म्हणजे 'काम झालं नाही' असं नव्हे. काम झालं का, हे पुढच्या सर्व्हरला माहीत नाही, एवढंच. पैसे भरण्याची विनंती मागे पूर्णही झालेली असू शकते. इंजिनएक्स स्वतः या बाबतीत सावध आहे: १.९.१३ या आवृत्तीपासून तो एकदा पाठवून झालेली पोस्ट विनंती आपणहून दुसऱ्या सर्व्हरकडे पुन्हा पाठवत नाही. माणूस मात्र बटण पुन्हा दाबतो. म्हणून प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक देऊन, तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवा व्यवहार न करण्याची तजवीज जावाच्या कोडमध्येच असायला हवी. टाइमआउट कितीही वाढवला तरी तिची जागा भरून निघत नाही.

आतापर्यंतचे बिघाड निदान आकडा दाखवतात. काही बिघाडांत आकडाच नसतो. ॲप्लिकेशन चालतं, पण चमत्कारिक वागतं. लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान. किंवा ब्राउझर म्हणतो की ही साइट मला सारखी इकडून तिकडे पाठवते आहे. किंवा सगळ्या लिंका ८०८० पोर्टकडे नेतात. हे सगळे त्या दोन संवादांतल्या हरवलेल्या माहितीचे प्रकार आहेत.

ब्राउझरने विचारलं एचटीटीपीएसने. इंजिनएक्सने कुलूप उघडलं आणि मागे साध्या एचटीटीपीने विचारलं. जावाला वाटतं ग्राहक असुरक्षित वाटेने आलाय. सुरक्षेचा नियम म्हणतो त्याला एचटीटीपीएसकडे पाठवा. ब्राउझर एचटीटीपीएसने परत येतो, इंजिनएक्स पुन्हा साध्या वाटेने विचारतो, आणि चक्र सुरू. तसंच होस्टचं. वेगळं काही सांगितलं नाही तर इंजिनएक्स मागे पाठवताना होस्ट या हेडरमध्ये साइटचं नाव न घालता मागच्या सर्व्हरचा पत्ता घालतो, आणि जावा त्यावरूनच आपल्या लिंका बनवते.

उपाय दोन्ही टोकांना करावा लागतो, आणि तिथेच तो अर्धवट राहतो. पुढे इंजिनएक्सने मूळ होस्ट, मूळ प्रोटोकॉल आणि ग्राहकाचा पत्ता हे 'एक्स-फॉरवर्डेड' कुळातल्या हेडरांत घालून पाठवायचं. मागे टॉमकॅटमध्ये 'रिमोट आयपी व्हॉल्व्ह' किंवा स्प्रिंग बूटमध्ये 'फॉरवर्ड हेडर्स स्ट्रॅटेजी' लावून त्या हेडरांवर विश्वास ठेवायला सांगायचं. एकच टोक केलं तर काही बदलत नाही आणि माणूस समजतो की उपायच चुकला. मात्र हा विश्वास सरसकट टाकू नये. हे हेडर कुणीही हाताने लिहून पाठवू शकतो. ८०८० हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं असेल तर इंजिनएक्सला वळसा घालून कुणीही आपण आतल्याच नेटवर्कमधून आलोय असं भासवू शकेल. म्हणून जावाने फक्त १२७.०.०.१वर ऐकावं, किंवा फायरवॉलने ते पोर्ट बंद ठेवावं.

लॉगिन न टिकण्यामागे बहुधा कुकीचा मार्ग असतो. टॉमकॅटमध्ये ॲप्लिकेशन 'दुकान' अशा एखाद्या मार्गाखाली बसवलेलं असतं आणि इंजिनएक्स ते साइटच्या मुळाशी दाखवतो. टॉमकॅट सत्राची कुकी देताना लिहितो, ही फक्त 'दुकान' मार्गासाठी. ब्राउझरला तो मार्ग कधी दिसतच नाही, म्हणून तो कुकी परत पाठवत नाही, आणि प्रत्येक विनंतीला नवं सत्र सुरू होतं. 'प्रॉक्सी कुकी पाथ'ने मार्ग बदलून देता येतो. पण माझं मत विचाराल तर पुढे आणि मागे मार्ग एकच ठेवावा. ॲप्लिकेशन जिथे दाखवायचं तिथेच बसवावं. मार्ग बदलून दाखवण्याच्या हौसेने जेवढे तास खाल्ले आहेत तेवढे क्वचितच कशाने खाल्ले असतील. या हौसेतला सर्वांत बारीक काटा म्हणजे 'प्रॉक्सी पास'च्या पत्त्याअखेरची तिरकी रेघ. ती नसेल तर ग्राहकाचा मार्ग जसाच्या तसा मागे जातो. असेल तर 'लोकेशन'मध्ये लिहिलेला भाग कापून त्या जागी नुसती रेघ येते. एका चिन्हाच्या फरकाने सगळं ४०४ होतं, आणि त्या पानावर सही टॉमकॅटची असते.

मराठीत साइट चालवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, जिचा उल्लेख इंग्रजी मदतपानांत सहसा नसतो. पत्त्यात देवनागरी अक्षर आलं की ब्राउझर ते यूटीएफ-८च्या तीन बाइटांत मोडतो आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं अशी लिहितो. एका चिन्हाची नऊ चिन्हं होतात. 'महाराष्ट्र' हा शब्द काना, हलंत धरून दहा चिन्हांचा. पत्त्यात तो ९० चिन्हं खातो. विनंतीच्या पहिल्या ओळीसाठी इंजिनएक्सचा बफर मुळात आठ किलोबाइटांचा आहे, आणि टॉमकॅटची हेडरसकट मर्यादाही तेवढीच. म्हणजे नऊशेच्या आसपास देवनागरी चिन्हांत दार बंद. कुणी तक्रारीचा मोठा मजकूर गेट पद्धतीच्या फॉर्मने पाठवला तर इंजिनएक्स ४१४ देतो किंवा टॉमकॅट ४००, आणि तोच फॉर्म इंग्रजी मजकुरावर सुरळीत चालतो. बफर वाढवता येतो, पण योग्य दुरुस्ती म्हणजे फॉर्म पोस्टने पाठवणं. ज्या कार्यालयांत अजून सातव्या आवृत्तीचा टॉमकॅट चालतो तिथे पत्त्यातली अक्षरं मुळात आयएसओ ८८५९-१ या लॅटिन संकेताने वाचली जातात आणि 'पुणे' शोधल्यावर आत भलतीच लॅटिन चिन्हं पोहोचतात. आठव्या आवृत्तीपासून मूळ सेटिंगच यूटीएफ-८ झालं. सातव्याचा आधार २०२१च्या मार्चअखेर संपला, तेव्हा तो बदलायला याहून वेगळी कारणंही आहेत.

फाइल चढवताना येणारा ४१३ सोपा आहे: इंजिनएक्स मुळात एक मेगाबाइटपेक्षा मोठी विनंती घेत नाही, आणि मोबाइलवरचा साधा फोटोही त्याहून मोठा असतो. ती मर्यादा वाढवावी. जावाची वेगळी असते, तीही. लॉगिननंतर लगेच ५०२ येत असेल आणि लॉगमध्ये अपस्ट्रीमचं हेडर फार मोठं असल्याची तक्रार असेल, तर कुकीत ठासून भरलेलं टोकन इंजिनएक्सच्या चार-आठ किलोबाइटांच्या बफरमध्ये मावत नाही. आणखी एक अडचण जुन्या मांडणीतली: तिथे अपाची आणि टॉमकॅट ८००९ पोर्टवरून एजेपी या प्रोटोकॉलने बोलतात. २०२० साली उघड झालेल्या 'घोस्टकॅट' या भगदाडातून त्याच दाराने ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचता येत होत्या. दुरुस्त आवृत्त्यांत एजेपीला गुप्त शब्द बंधनकारक झाला. म्हणून टॉमकॅट अद्ययावत केल्यावर चालती साइट अचानक बंद पडल्यासारखी वाटते. नवं काही उभारत असाल तर एजेपीच्या वाटेला जाऊ नये, साधं एचटीटीपी पुरेसं आहे.

सर्वांत चिवट प्रकार अधूनमधून येणाऱ्या ५०२चा. दिवसभरात हजारो विनंत्या नीट जातात आणि मोजक्या तुटतात, जावाच्या लॉगमध्ये त्यांचा मागमूस नसतो. एरर लॉगमध्ये १०४, किंवा अपस्ट्रीमने जोडणी वेळेआधी बंद केल्याची नोंद. जोडण्या पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी उघड्या ठेवल्या असतील तर दोन्ही बाजूंच्या मुदती ताडून बघाव्यात. टॉमकॅटच्या सोबत येणाऱ्या कॉन्फिगमध्ये रिकामी जोडणी २० सेकंदांनी बंद होते. इंजिनएक्स ती ६० सेकंद जपतो. टॉमकॅट जोडणी बंद करतोय त्याच क्षणी इंजिनएक्सने तिच्यावर नवी विनंती टाकली, तर ती विनंती हवेत जाते. मागच्याची मुदत पुढच्याहून लांब ठेवली, की जोडणी नेहमी इंजिनएक्सच बंद करतो आणि ही टक्कर जवळपास टळते.

हे सगळं ओळखायला बिघाडाच्या दिवशी माहिती हाताशी लागते, आणि इंजिनएक्सचा मूळ ॲक्सेस लॉग ती देत नाही. त्यात वेळ लागला किती हेच नसतं. लॉगच्या साच्यात विनंतीचा एकूण वेळ, अपस्ट्रीमला जोडायला लागलेला वेळ, अपस्ट्रीमच्या उत्तराचा वेळ, अपस्ट्रीमने दिलेला आकडा आणि त्याचा पत्ता अशी पाच रकान्यांची भर साइट नीट चालत असतानाच घालून ठेवावी. एकूण वेळ बारा सेकंद आणि अपस्ट्रीमचा ०.१ असेल, तर जावा निर्दोष आहे. ग्राहकाचं नेटवर्क संथ आहे. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर थ्रेड डम्प घ्यायला जायचं. अपस्ट्रीमच्या आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर ती विनंती जावाकडे गेलीच नाही, इंजिनएक्सने परस्पर निकाली काढली. याच्या जोडीला इंजिनएक्स प्रत्येक विनंतीला देतो तो ओळखक्रमांक हेडरमधून मागे पाठवून जावाच्या लॉगमध्येही छापून घ्यावा, म्हणजे दोन फाइलींतल्या कोणत्या दोन ओळी एकाच माणसाच्या एकाच क्लिकच्या आहेत हे क्रमांकावरून थेट जुळवता येतं.